कायद्याचा पेपर लिहिताना: वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

हिवाळी आणि उन्हाळी सत्रांच्या परीक्षा जवळ आल्या की विधी महाविद्यालयांतल्या वाचकांची पत्रे वाढतात. यंदाच्या पत्रांतले पाच प्रश्न इथे घेतले आहेत. पहिला प्रश्न सर्वांत जास्त जणांनी विचारला, म्हणून त्याचे उत्तर लांबले आहे.

प्रश्न : मी तीन वर्षांच्या एलएल.बी.च्या पहिल्या वर्षाला आहे. कलमे तोंडपाठ आहेत. तरी पेपरात 'प्रॉब्लेम' (काल्पनिक घटना देऊन निर्णय विचारणारा प्रश्न) आला की दहापैकी तीन-चार गुणांच्या वर जात नाही. परीक्षकाला नक्की काय हवे असते?
— एक विद्यार्थिनी, सातारा

प्रॉब्लेममध्ये दिलेल्या घटनेतली कोणती गोष्ट कलमातल्या कोणत्या शब्दाला लागू पडते आणि कोणती पडत नाही, हे तुम्ही दाखवलेले त्याला हवे असते. कलम जसेच्या तसे उतरवले आणि खाली 'म्हणून अ जबाबदार आहे' असे लिहून संपवले, तर मधला भाग कोरा राहतो. गुण त्या मधल्या भागालाच असतात.

एक प्रॉब्लेम सोडवून बघू. साडेसतरा वर्षांच्या 'अ'ने आपण एकोणीस वर्षांचे आहोत असे खोटे सांगून 'ब'कडून 60,000 रुपये उसने घेतले आणि तसा कागद करून दिला. त्यातून 45,000 रुपयांची जुनी मोटारसायकल घेतली, ती अजून त्याच्याकडे आहे, उरलेले 15,000 मित्रांबरोबर खर्च केले. 'ब'ने वसुलीचा दावा लावला आहे. निर्णय द्या.

बहुतेक उत्तरपत्रिकांत याचे उत्तर तीन ओळींत संपते: अज्ञानाचा (वयाने सज्ञान नसलेल्याचा) करार शून्य, म्हणजे कायद्याच्या नजरेत नसल्यासारखाच, मोहरी बीबी विरुद्ध धर्मदास घोष, दावा फेटाळावा. हे चूक नाही, पण हा चारपैकी एकच मुद्दा झाला.

पहिला मुद्दा कराराच्या वैधतेचा. भारतीय करार अधिनियम, 1872 चे कलम 11 सज्ञानता मागते आणि सज्ञानतेचे वय भारतीय सज्ञानता अधिनियम, 1875 नुसार 18 वर्षे आहे. (न्यायालयाने पालक नेमला असेल तर 21 वर्षे, असे काही जुन्या गाईडमध्ये अजून छापलेले सापडते. 1999 च्या दुरुस्तीने ते गेले. तसे लिहू नका.) 'अ' साडेसतरा वर्षांचा आहे, म्हणून करार मुळातच शून्य. इथे मोहरी बीबीचा 1903 चा प्रिव्ही कौन्सिलचा (ब्रिटिश काळातल्या सर्वोच्च अपील न्यायालयाचा) निर्णय बरोबर बसतो.

दुसरा मुद्दा खोट्या वयाचा, आणि इथेच सगळे घसरतात. मोहरी बीबी खटल्यात सावकाराच्या वतीने व्यवहार पाहणाऱ्याला मुलगा अज्ञान असल्याचे ठाऊक होते. खरी गोष्ट दोन्ही बाजूंना माहीत असताना एस्टॉपेलचा (आपणच आधी केलेले विधान नंतर नाकारण्यास मनाई) प्रश्नच येत नाही, असे प्रिव्ही कौन्सिलने म्हटले. आपल्या प्रॉब्लेममधल्या 'ब'ला खरे वय माहीत नव्हते. म्हणजे या मुद्द्यावर मोहरी बीबी सरळ लागू होत नाही आणि हा फरक उत्तरात लिहिलाच पाहिजे. फसवून घेतलेल्या पैशांसाठी लाहोर उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाचा खान गुल विरुद्ध लाखा सिंग हा 1928 चा निर्णय घ्या. अज्ञानाने वय लपवले तरी त्याच्याविरुद्ध एस्टॉपेल लागत नाही, कारण कायद्याने दिलेले संरक्षण एस्टॉपेलच्या वाटेने काढून घेता येत नाही.

तिसरा मुद्दा पैसे परत मिळण्याचा. करार अधिनियमाचे कलम 65 इथे चालत नाही, कारण ते करार करण्यास सक्षम असलेल्या पक्षांमधल्या व्यवहारांसाठी आहे. पण विशिष्ट अनुतोष अधिनियम, 1963 च्या कलम 33 खाली, करार करण्यास असमर्थ होतो असा बचाव घेणाऱ्या प्रतिवादीला न्यायालय लाभ परत करायला सांगू शकते, मात्र त्याला किंवा त्याच्या मालमत्तेला जितका लाभ झाला तितक्यापुरताच. आता घटनेकडे परत या. मोटारसायकल अजून 'अ'कडे आहे, म्हणून तो लाभ दाखवता येतो. उडवलेल्या 15,000 रुपयांबद्दल दोन्ही बाजूंनी दोन-दोन वाक्ये लिहा. प्रॉब्लेम रचणाऱ्याने रक्कम मुद्दाम दोन भागांत दिली आहे. घटनेतला कोणताही आकडा उगाच आलेला नसतो.

चौथा मुद्दा छोटा आहे: मोटारसायकल ही कलम 68 मधली 'आवश्यक वस्तू' ठरते का? 'अ' कामावर जाण्यासाठी ती वापरतो असे घटनेत कुठेही नाही, म्हणून ठरणार नाही. ठरली असती तरी भरपाई त्याच्या मालमत्तेतूनच मिळाली असती, त्याच्यावर वैयक्तिक जबाबदारी आली नसती. एवढे पुरे.

लिहिताना जागेची वाटणी साधारण अशी ठेवा. वादाचे मुद्दे दोन-तीन ओळींत, कायदा पाव भागात, आणि घटना कायद्याला लावून दाखवणे किमान अर्ध्या भागात. शेवटी दोन ओळींत निर्णय. दिलेली घटना पुन्हा उतरवून काढू नका. पान भरते, गुण मिळत नाहीत. निर्णय परीक्षकाच्या मताशी जुळला नाही तरी कारणे नीट असतील तर फारसे नुकसान होत नाही, पण 'न्यायालय योग्य तो निर्णय देईल' असे लिहून सुटका करून घेतली तर नक्की होते.

सवय लावायची ती कलमाचे घटक सुटे करण्याची. भारतीय न्याय संहितेच्या कलम 303(1) मधली चोरी घ्या: अप्रामाणिक उद्देश, जंगम मालमत्ता, दुसऱ्याच्या ताब्यातून, त्याच्या संमतीवाचून, आणि त्यासाठी ती वस्तू हलवणे. हे पाच घटक कागदाच्या डाव्या बाजूला एकाखाली एक लिहा आणि उजवीकडे प्रॉब्लेममधली घटना. ज्या घटकासमोर काही लिहिता येत नाही तिथेच वाद आहे. कलमात 'ताबा' म्हटले आहे, 'मालकी' नाही. म्हणूनच घड्याळजीने दुरुस्तीच्या पैशांपोटी कायदेशीरपणे ठेवून घेतलेले स्वतःचे घड्याळ मालकाने हिसकावून नेले तर तीही चोरी होते. कलमाखालच्या उदाहरणांतच हे आहे. त्या उदाहरणांत नावे आणि वस्तू बदलून प्रॉब्लेम तयार केले जातात, म्हणून ती सोडून पुढे जाऊ नका.

प्रश्न : माझा फौजदारी कायद्याचा पेपर एटीकेटीमध्ये राहिला आहे. मी भारतीय दंड संहितेवरून अभ्यास केला होता, आता अभ्यासक्रमात भारतीय न्याय संहिता आहे. जुनी कलमे लिहिली तर चालतील का? सगळे नव्याने करावे लागेल का?
— एक वाचक, लातूर

आधी आपल्या विद्यापीठाचे परिपत्रक आणि प्रवेशपत्रावरचे विषयाचे नाव तपासा. जुन्या अभ्यासक्रमाच्या विद्यार्थ्यांना काही सत्रांपुरती जुनी प्रश्नपत्रिका देतात. तसे नसेल तर उत्तर नव्या कायद्यावरच लिहायचे.

सगळे नव्याने करावे लागत नाही. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आणि भारतीय साक्ष अधिनियम हे दंड संहिता, दंड प्रक्रिया संहिता आणि जुना पुरावा अधिनियम यांच्या जागी लागू झाले. दंड संहितेची 511 कलमे होती, न्याय संहितेत 358 आहेत. पण बऱ्याच व्याख्यांचे शब्द तेच आहेत, फक्त क्रमांक हलले आणि विखुरलेली कलमे एकत्र आली. सदोष मनुष्यवध 299 वरून 100 वर, खून 300 वरून 101 वर, खुनाची शिक्षा 302 वरून 103 वर गेली. समान उद्देशाचे कलम 34 आता 3(5) आहे. खाजगी संरक्षणाचा हक्क 96 ते 106 मध्ये होता, तो आता 34 ते 44 मध्ये आहे. इथे 34 हा आकडा दोन्ही कायद्यांत आहे आणि त्याचा अर्थ वेगळा आहे, म्हणून कलमाआधी कायद्याचे नाव लिहाच. फसवणुकीची व्याख्या 415 मध्ये आणि मालमत्ता देण्यास भाग पाडणारी फसवणूक 420 मध्ये होती. आता दोन्ही 318 च्या पोटकलमांत आहेत आणि जुन्या 420 ची जागा 318(4) ने घेतली आहे. 498-अ चा (विवाहितेच्या छळाचा) मजकूर 85 आणि 86 मध्ये विभागला आहे.

क्रमांकांपेक्षा जिथे मजकूर बदलला तिथे जास्त वेळ द्या. प्रश्न तिथून येतात. 5,000 रुपयांपेक्षा कमी किमतीची पहिलीच चोरी असेल आणि माल परत केला असेल तर सामुदायिक सेवेची शिक्षा आहे. निष्काळजीपणाने मृत्यू घडवण्याची शिक्षा दोन वर्षांपर्यंत होती, ती 106(1) मध्ये पाच वर्षांपर्यंत झाली. घटनास्थळावरून पळून जाणाऱ्या वाहनचालकाबद्दलचे 106(2) मात्र 1 जुलै 2024 रोजी इतर कलमांबरोबर अमलात आले नाही. संघटित गुन्हेगारी (111) आणि फसव्या मार्गाने लैंगिक संबंध (69) ही कलमे नवी आहेत. प्रथम खबरीचे (एफआयआरचे) कलम दंड प्रक्रिया संहितेच्या 154 वरून नागरिक सुरक्षा संहितेच्या 173 वर गेले. तीन वर्षे ते सात वर्षांपेक्षा कमी शिक्षेच्या गुन्ह्यांत 14 दिवसांत प्राथमिक चौकशीची वाट 173(3) ने उघडली आहे. दखलपात्र गुन्ह्याची प्रथम खबर नोंदवणे बंधनकारक ठरवणारा ललिता कुमारी (2014) लिहिताना हे जोडले नाही तर उत्तर जुने वाटते.

प्रॉब्लेममध्ये तारीख दिली असेल तर ती आधी अधोरेखित करा. घटना 20 जून 2024 ची असेल तर गुन्हा आणि शिक्षा दंड संहितेनुसारच ठरतील. न्याय संहितेचे कलम 358 आणि संविधानाचा अनुच्छेद 20(1) असे दोन्ही आधार द्या.

जुने निवाडे टाकून देऊ नका. व्याख्येचे शब्द टिकले तर त्यांचा अर्थ लावणारा निवाडाही टिकतो. 'पूर्वीच्या भा.दं.सं. कलम 300 वरील निर्णय, आता भा.न्या.सं. कलम 101' असे एकदा लिहा आणि पुढे जा.

प्रश्न : निवाडे किती पाठ करावेत? नावे, वर्षे, सायटेशन सगळे लक्षात राहत नाही. नाव चुकले तर गुण जातात का?
— एक विद्यार्थी, कोल्हापूर

दीर्घोत्तरी प्रश्नाला तीन आणि टिपेला एक निवाडा, या हिशेबाने प्रत्येक विषयाला पंचवीस-तीस निवाडे होतात. सायटेशनचा, म्हणजे निवाडा कोणत्या अहवालात कोणत्या पानावर छापला आहे त्या संदर्भाचा, नाद सोडा. चुकीचे सायटेशन लिहिण्यापेक्षा न लिहिलेले बरे. वर्ष ठाम आठवत असेल तरच लिहा.

प्रत्येक निवाड्याच्या चार ओळी करा: काय घडले, वाद काय होता, न्यायालयाने काय ठरवले, आणि हा निवाडा कोणत्या शब्दासाठी वापरायचा. चौथी ओळ सगळ्यांत महत्त्वाची आणि नेमकी तीच वह्यांतून गायब असते. मुंबई उच्च न्यायालयाचा 1876 चा गोविंदाचा खटला घ्या. अठरा वर्षांच्या नवऱ्याने पंधरा वर्षांच्या बायकोला खाली पाडले, छातीवर गुडघा ठेवला आणि तोंडावर मुठीने दोन-तीन ठोसे मारले. मेंदूत रक्तस्राव होऊन ती मरण पावली. खून की सदोष मनुष्यवध, हा वाद होता. मारण्याचा उद्देश नव्हता आणि इजाही निसर्गक्रमाने मृत्यू घडवण्यास पुरेशी नव्हती, म्हणून खून नव्हे असे ठरले. चौथी ओळ: 'मृत्यू घडण्याचा संभव असलेली इजा' आणि 'निसर्गाच्या सामान्य क्रमात मृत्यू घडवण्यास पुरेशी इजा' यांतला फरक. विरसा सिंग (1958) यातल्या दुसऱ्या शब्दसमूहासाठी आहे. नानावटी (1962) गंभीर आणि अचानक चिथावणीसाठी, म्हणजे खुनाच्या कलमातल्या पहिल्या अपवादासाठी. खून या विषयावर हे तिन्ही एकापाठोपाठ एक दडपून लिहिले जातात आणि कोणता कशासाठी ते कळत नाही.

नाव आठवले नाही तर 'सर्वोच्च न्यायालयाने एका निर्णयात असे ठरवले आहे की' असे लिहा आणि सूत्र अचूक द्या. नाव रचून लिहू नका.

प्रश्न : मी पेपर मराठीतून लिहिणार आहे. पुस्तके बहुतेक इंग्रजी आहेत. भाषेमुळे गुण कमी होतात का?
— एक विद्यार्थिनी, परभणी

तुमच्या विद्यापीठाने मराठीची मुभा दिली असेल तर भाषेमुळे गुण जाऊ नयेत. जातात ते संज्ञांच्या गोंधळामुळे. केंद्रीय कायद्यांच्या शासनाने काढलेल्या मराठी आवृत्त्या मिळवा आणि त्यातलेच शब्द वापरा, गाईडवाल्याने पाडलेले शब्द नकोत.

रोजच्या मराठीत चालणारे काही शब्द पेपरात घात करतात. 'हेतू' हा त्यातला पहिला. गुन्ह्यामागचे कारण आणि गुन्ह्याचा मानसिक घटक या दोन्हींना आपण सहज हेतू म्हणतो. मानसिक घटकासाठी 'उद्देश', कारणासाठी 'हेतू' आणि परिणामाची कल्पना असण्यासाठी 'जाणीव' असे तीन शब्द ठरवून घ्या. न्याय संहितेच्या कलम 100 आणि 101 चे उत्तर या तीन शब्दांवरच उभे राहते. 'शून्य', 'शून्यकरणीय' (एका पक्षाला हवे तर रद्द करता येणारा) आणि 'बेकायदेशीर' करार वेगवेगळे आहेत. अज्ञानाचा करार शून्य असतो, बेकायदेशीर नसतो. 'आरोपी' फौजदारीत, 'प्रतिवादी' दिवाणीत. अपकृत्याच्या (टॉर्टच्या) पेपरात 'शिक्षा' हा शब्द आला की परीक्षकाच्या कपाळाला आठी पडते. तिथे नुकसानभरपाई असते. 'जामीन' म्हणजे सुटकाही आणि त्यासाठी उभा राहणारा माणूसही, म्हणून माणसाला 'जामीनदार' लिहा. 'जबाब' वेगळा, 'कबुलीजबाब' वेगळा. पोलिसांपुढच्या कबुलीजबाबाबद्दलच्या साक्ष अधिनियमाच्या कलम 23 वरचे उत्तर या एका चुकीने पूर्ण उलटे होते.

निवाड्यांची नावे देवनागरीत लिहिलेली चालतात. एका उत्तरात मराठी आणि पुढच्यात इंग्रजी असे करू नका. एखाद्या संज्ञेला मराठी शब्द सुचला नाही तर तीच संज्ञा देवनागरीत लिहा, नवा शब्द घडवू नका.

प्रश्न : मी नोकरी करून शिकतो. परीक्षेला वीस दिवस आहेत, रोज दोन-अडीच तास मिळतात. शिवाय मागच्या वेळी दोन पेपरांत शेवटचा प्रश्न राहून गेला. काय करू?
— एक वाचक, डोंबिवली

दोन्ही तक्रारींचे मूळ एकच दिसते: वाचन झाले, लिखाण झाले नाही.

वीस दिवसांत चार विषय धरले तर विषयाला पाच दिवस येतात. पहिल्या दिवशी मागच्या पाच वर्षांच्या प्रश्नपत्रिका घेऊन प्रकरणानुसार खुणा करा. कोणत्या प्रकरणावर दरवेळी दीर्घोत्तरी येतो आणि कोणत्यावर नुसती टीप, हे अर्ध्या तासात समोर येते. दुसरा आणि तिसरा दिवस बेअर ॲक्टचा, म्हणजे कायद्याच्या नुसत्या मूळ मजकुराचा. कलम वाचा, पुस्तक मिटा, घटक लिहा, पुन्हा उघडून ताडून पाहा. परंतुक ('परंतु'ने जोडलेली अट) आणि अपवाद सुटले असतील तर लाल पेनाने भरा. गाईड फक्त निवाडे आणि उत्तराची मांडणी बघायला वापरा. आवृत्तीचे वर्ष बघूनच विकत घ्या. (वकिलीसाठीच्या अखिल भारतीय बार परीक्षेत टिपा नसलेला बेअर ॲक्ट जवळ ठेवता येतो. ज्यांनी तो आधी चाळलेलाच नसतो त्यांना तिथेही कलम सापडत नाही.) चौथ्या दिवशी निवाड्यांच्या चार-चार ओळी. पाचव्या दिवशी घड्याळ लावून एक दीर्घोत्तरी, एक प्रॉब्लेम आणि दोन टिपा हाताने लिहायच्या, उभे पान, रेघ मारलेले, परीक्षेतल्यासारखे. दिवसभर टंकलेखन करणाऱ्याचा हात तिसऱ्या तासाला दुखतो. तो आताच दुखून सवयीचा होऊ द्या.

वेळेचा हिशेब असा. समजा पेपर 80 गुणांचा, तीन तासांचा आहे. सुरुवातीची 10 मिनिटे प्रश्न निवडायला आणि शेवटची 10 तपासायला ठेवली की 160 मिनिटे उरतात, म्हणजे गुणाला दोन मिनिटे. 16 गुणांच्या प्रश्नाला 32 मिनिटे आणि 5 गुणांच्या टिपेला 10. त्या 32 मधली पहिली चार मिनिटे मागच्या पानावर मुद्द्यांची यादी करायला द्या. तुमच्या प्रश्नपत्रिकेचे गुण वेगळे असतील तर हाच भागाकार करा आणि प्रत्येक प्रश्न कोणत्या वेळेला संपला पाहिजे ते प्रश्नपत्रिका हातात आल्या आल्या मनाशी ठरवा.

शेवटचा प्रश्न राहतो तो बहुधा पहिल्या प्रश्नामुळे. तो पाठ असतो, म्हणून पाऊण तास लिहिला जातो. 16 पैकी 10 मिळवायला 30 मिनिटे लागतात, 11 मिळवायला आणखी 15. त्याच 15 मिनिटांत कोऱ्या राहिलेल्या प्रश्नाला चार-पाच गुण मिळाले असते. ठरलेली वेळ झाली की उत्तर अर्ध्यावर थांबवा, खाली अर्धे पान मोकळे सोडा आणि पुढचा प्रश्न सुरू करा. वेळ उरला तर परत या.

शेवटची 12 मिनिटे आणि एक पूर्ण प्रश्न बाकी, अशी वेळ आलीच तर परिच्छेद लिहीत बसू नका. कलमाचा क्रमांक, घटक एकाखाली एक, दोन निवाड्यांची सूत्रे आणि निर्णय एवढेच मुद्द्यांत लिहा. पुरवणी घेतली असेल तर तिच्यावर आसन क्रमांक आणि मुख्य उत्तरपत्रिकेवर पुरवण्यांची संख्या, हे दोन्ही त्या 12 मिनिटांतच भरा. घंटा झाल्यावर दोरा बांधायच्या गडबडीत हेच राहते.